मनगटावर चाकण, काट्यावर जर्मनी

दुपारचे साडेबारा. चाकण एमआयडीसीत कॅन्टीनसमोर रांग लागलीय. उन्हाळ्याचे दिवस असतील, तर त्याच क्षणी वोल्फ्सबुर्गमध्ये सकाळचे नऊ वाजलेत आणि तिकडचा साहेब पहिल्या कॉफीसोबत तुमची मेल उघडतोय. आता खरं सांगा, तुमचा दिवस नक्की कुठल्या घड्याळावर चालतो?

या पट्ट्यात पूर्वी वेळ एकच होती, भोंग्याची. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. मग टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. शिफ्ट सुटली की सायकली सुटायच्या. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ भारतात आली, ती आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात. २००९ मध्ये ती चाकणला स्वतःच्या प्लांटमध्ये गेली आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनचाही प्लांट तिथे सुरू झाला. तेव्हापासून नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या हजारो डोक्यांत एक वजाबाकी कायम चालू असते... उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार.

ही वजाबाकी मनगटावर करून देणारं मेकॅनिकल घड्याळ म्हणजे 'जीएमटी'. १९५०च्या दशकात रोलेक्सने पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांसाठी जीएमटी-मास्टर काढलं, तिथून हा प्रकार गाजला. फंडा साधा आहे. तासकाटा १२ तासांत एक फेरी मारतो. त्याच गिअर-साखळीतून एक जादा काटा अर्ध्या वेगाने, म्हणजे २४ तासांत एक फेरी मारतो. भोसरीत गिअर कापणाऱ्या कुणालाही हे चहा संपायच्या आत समजेल. बॅटरी नाही, चिप नाही. तरी दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत पाच-सहा सेकंदांची चूक म्हणजे चांगल्या घड्याळासाठी रोजची गोष्ट. आपल्या क्वालिटीवाल्यांनी टक्केवारी काढून बघावी!

गोची अर्ध्या तासाची

पण आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. हा 'साडे' बहुतेक जीएमटी घड्याळांना झेपत नाही, कारण त्यांचा जादा काटा पूर्ण तासाच्याच उड्या मारतो. मिनिटकाटा तर दोन्ही देशांत एकच. उन्हाळ्यात काटा चार तास मागे लावला, तर साडेबाराला तो साडेआठवर येईल आणि उरलेला अर्धा तास तुम्ही मनात मिळवायचा.

यावर उपाय दोन. पहिला फुकट. कुठलंही काट्यांचं घड्याळ उलटं धरा, सहा वर आणि बारा खाली. दुपारच्या बाराला साडेसहा वाजल्यासारखे दिसतील. ही लंडनची हिवाळ्यातली वेळ! जर्मनीसाठी हिवाळ्यात त्यात एक तास मिळवा, उन्हाळ्यात दोन. बाबांच्या जुन्या एचएमटीवरही चालतं.

दुसरा उपाय जर्मनीतच आहे. ड्रेस्डेनजवळच्या ग्लासह्यूटे गावात १८४५ पासून घड्याळं बनतात. तिथल्या ग्लासह्यूटे ओरिगिनालचं 'सेनेटर कॉस्मोपोलाइट' अर्ध्या आणि पाऊण तासाचे टाइमझोनही दाखवतं. डाव्या बाजूच्या छोट्या खिडक्यांत विमानतळांचे तीन अक्षरी कोड, उन्हाळी आणि हिवाळी वेळ वेगळी. घरची वेळ वरच्या लहान डायलवर, आणि मोठे काटे जिथे उतराल तिथले. चावी फिरवा, की मुख्य काटे पंधरा-पंधरा मिनिटांनी सरकतात आणि घरची वेळ जागेवरून हलत नाही. किंमत मात्र चांगल्या गाडीइतकी. त्यामुळे शोरूममध्ये जाऊन मनगटावर चढवून बघा, चावीची ती टिकटिक अनुभवा आणि सभ्यपणे परत द्या.

घ्यायचंच असेल तर

• कॉल डेस्कवरूनच करत असाल, तर २४ तासांचा काटा वेगळा हलणारं घ्या. सतत उडत असाल, तर मुख्य तासकाटा वेगळा उडी मारणारं.

• बाहेरची २४ तासांची रिंग फिरते का, आणि दोन आकड्यांच्या मधोमध थांबते का, ते पाहा. २४ तासांच्या काट्यावर भारताची वेळ ठेवा आणि रिंग साडेतीन तासांनी फिरवा. 'साडे'चा प्रश्न संपला!

• २०२२ मध्ये आलेलं सेइको ५ स्पोर्ट्स जीएमटी हे यातलं आवाक्यातलं नाव.

फोन हे सगळं दाखवतो, मान्य. पण फोन विचारल्यावर सांगतो. काटा न विचारता सांगत राहतो, की तिकडे आत्ता कुठे उजाडतंय. उन्हाळ्यात टोकियो आपल्या साडेतीन तास पुढे आणि बर्लिन साडेतीन तास मागे. म्हणजे चाकण बरोब्बर मधोमध, आणि ओढाताण दोन्हीकडून. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं एक तास मागे जातात. त्यांचे संध्याकाळचे पाच, जे काल आपल्या साडेआठला वाजत होते, ते आता साडेनऊला वाजतात. घरी पोरगं झोपून जातं ते याच एका तासात.

म्हणून पुढच्या वेळी रात्री नऊची मीटिंग आली, की तिकडच्या सहकाऱ्याला हसत हसत विचारा, "माझ्या घड्याळात तुझं गाव आहे. तुझ्या घड्याळात चाकण आहे का?"