हात लागलेले डोंगर

चि. मृणाल,



इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर देखणे आहेत पण खरे वाटत नाहीत, असं तू लिहितेस. जंगल नाही, जिकडेतिकडे मेंढ्या आणि गडगे. कुणाच्या तरी मोठ्या बागेत हिंडल्यासारखं वाटतं म्हणतेस. तुझं निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. माणसाचा हात लागला की डोंगराची किंमत उतरते, हे त्यामागचं गृहीतच मला मान्य नाही. हात कोणाचा लागला आणि कोणासाठी लागला, हे आधी विचारायला हवं.

तुला आवडलेल्या टार्नांचंच, म्हणजे डोंगरातल्या लहान तळ्यांचंच बघ. डोंगराच्या कुशीतले यांतले पुष्कळसे खळगे हिमनद्यांनी कोरले, हे खरं. पण लँगडेलच्या वरचं स्टिकल टार्न आज दिसतं तेवढं आहे ते १८३८ साली घातलेल्या बांधामुळे, आणि तो बांध खाली एल्टरवॉटरच्या बंदुकीच्या दारूच्या कारखान्याला पाणी पुरवायला घातला होता. त्याच खोऱ्यातल्या पाइक ऑफ स्टिकल या शिखरावर नवाश्मयुगात दगडी कुऱ्हाडी घडवल्या जात. त्या ब्रिटनभर सापडल्या आहेत आणि घडवताना उडालेल्या कपच्या अजून तिथल्या घसाऱ्यात पडलेल्या आहेत. ज्याचा फोटो तू पाठवलास ते टार्न हाउज तर एकोणिसाव्या शतकात मार्शल नावाच्या जमीनदाराने बांध घालून लहान तळ्यांचं एक केलेलं. अस्पर्श डोंगर शोधायचा म्हटलं तर अश्मयुगाच्याही मागे जावं लागेल. युनेस्कोने २०१७ साली या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला, तोही सांस्कृतिक भूदृश्य म्हणून.

आता गडगा जरा जवळून बघ. चुना नाही, माती नाही. दोन बाजूंनी दगडांचे थर आत कलते रचत नेतात आणि मधल्या पोकळीत बारीक दगड ठासतात. अधूनमधून या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोचणारा लांब दगड आडवा टाकतात, म्हणजे भिंत फुगून फुटत नाही. कुठे कुठे पायथ्याशी मेंढी जाईल एवढं चौकोनी भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. हे गडगे खालच्या शेतांभोवती दाट दिसतात. वर उघड्या माळावर मात्र एकेका कळपाची राखण कुंपणाविना होते. आपली चरायची हद्द मेंढीला आईमागून हिंडताना कळते आणि ती पुढे आपल्या कोकराला शिकवते. २००१ साली लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा कळप मारावे लागले. त्यांच्याबरोबर ही पिढीजात ओळखही जाईल, याची तिथल्या मेंढपाळांना सर्वांत जास्त धास्ती होती, कारण बाजारातून आणलेल्या मेंढीला डोंगर माहीत नसतो. लेखिका बीट्रिक्स पॉटरने हे ओळखलं होतं. १९४३ साली ती गेली तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेली आणि तिथे हर्डविक जातीच्या मेंढ्या राखल्या जाव्यात, अशी तिची इच्छा होती.

तू बिनदिक्कत कुठलीही धार चढतेस, तो हक्कही निसर्गाने दिलेला नाही. १८४४ साली या भागात येऊ घातलेल्या रेल्वेला विरोध करताना वर्ड्‌स्वर्थचं म्हणणं होतं की निसर्ग बघायची नजर कमवावी लागते, कामगारांचे लोंढे आणून सोडल्याने ती येत नाही. एवढ्या मोठ्या कवीचं हे मत मला आजही खुपतं. १८८७ साली केझिकजवळच्या लॅट्रिग डोंगराची वाट मालकाने अडवली, तेव्हा गावकरी शेकड्यांनी अडसर ओलांडून माथ्यावर गेले आणि पुढच्या वर्षी माथ्याची वाट सर्वांना मोकळी झाली. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ गिर्यारोहकांच्या एका क्लबाने ग्रेट गेबल आणि भोवतालची शिखरं विकत घेऊन १९२३ साली नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली. १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि उघड्या माळांवर वाट सोडूनही हिंडायचा हक्क मिळाला तो २००० सालच्या कायद्याने. तुझ्या पायाखालच्या चढावर खोल रोवलेले दगडसुद्धा वाट झिजू नये म्हणून कुणीतरी, बऱ्याचदा स्वयंसेवकांनी, बसवलेले असतात.

यावर तू थर्लमिअर पुढे करशील, आणि करायलाच हवंस. मँचेस्टरने १८७९ साली संसदेकडून परवानगी मिळवून ते तळं धरणाखाली घातलं. १८९४ पासून दीडशे किलोमीटर दूर पाणी पंपाशिवाय नुसत्या उताराने शहरात पोचतं. गिरणीकामगारांच्या शहराला स्वच्छ पाणी हवं होतं, हे मी नाकारत नाही. पण पालिकेने काठ लोकांना बंद केले, परक्या सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावल्या, आणि १९३५ साली दुसऱ्या, हॉजवॉटरच्या धरणात मार्डेल हे गाव बुडवलं. माझा मुद्दा इथेच लागू पडतो: पाणी नेणं समजू शकतं, काठ बंद करणं समजत नाही. थर्लमिअरच्या धरणाला नुसतं ‘कृत्रिम’ म्हणून नाक मुरडलं तर यातला बरा भाग कोणता आणि अन्यायाचा कोणता, हे निवडताच येत नाही.

मेंढ्यांबद्दलचा आक्षेप जास्त जड आहे. जॉर्ज मॉनबियोसारखे लेखक म्हणतात की मेंढ्यांनी रोपटं उगवू दिलं नाही म्हणूनच हे डोंगर बोडके झाले, आणि वारसा म्हणून त्याचं कौतुक करणं चूक आहे. यात तथ्य आहे. मेंढ्या भरमसाट वाढल्या तिथे माळ उजाड झाले, हे मेंढपाळांच्या बाजूच्यांनीही मान्य करायला हवं. पण मेंढपाळ हाकलून डोंगर निसर्गाच्या हवाली करा, हा त्यावरचा उपाय मला अर्धवट वाटतो. तेवढ्या माणसांचं जगणं आणि ज्ञान त्यात हिशोबातच धरलेलं नाही. एनरडेलच्या खोऱ्यात मेंढ्या कमी करून गॅलोवे जातीची गुरं सोडली आहेत, नदीला हवी तशी वळू दिली आहे आणि देशी झाडं वाढू दिली आहेत. तेही माणसांनी ठरवूनच केलं आहे. पुढच्या सुटीत तिकडे जा आणि झाडांच्या रेषेवरून वर माळापर्यंत चढ. तरीही तो डोंगर खोटा वाटला, तर कशामुळे वाटला ते सविस्तर लिही. मी उत्तर देईन.

तुझा,
मामा