दोन सावल्यांमधले अंतर

वाङ्मयाच्या अध्यापकाने रायफलमधून सुटलेल्या छऱ्याच्या वेगाविषयी लिहावे, याचे प्रयोजन आरंभीच सांगितले पाहिजे. बंदुकीशी माझा संबंध दौलताबादच्या किल्ल्यावरील मेंढा तोफ विद्यार्थ्यांना दाखवण्यापुरताच. खुलताबादहून शहराकडे जाताना हा किल्ला लागतो, आणि दर वर्षी कोणीतरी विचारतेच, 'सर, हिचा गोळा कुठवर जायचा?' किती वेगाने जायचा, असे आजवर कोणी विचारलेले नाही. आपली भाषाही या बाबतीत तशीच आहे. टप्पा, पल्ला, मारा, नेम असे अंतराचे आणि लक्ष्याचे शब्द तिच्याजवळ भरपूर आहेत. वेगासाठी मात्र 'गोळीसारखा सुटला' एवढ्या उपमेवर तिचे भागते. उपमेला आकडा लागत नाही. गेल्या श्रावणात मला आकड्याची गरज पडली.

माझी पुतणी अकरावीत आहे आणि दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. या प्रकारात लक्ष्यपत्रिकेवरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याने त्याला गाठायचे. आल्याचे पीक विकून आलेल्या पैशांतून दादाने तिला एक वापरलेली स्पर्धेची रायफल घेऊन दिली. घरात विचारविनिमय न होता झालेली ही पहिलीच मोठी खरेदी. दोन महिने बरे गेले, मग तिचे गुण घसरू लागले. छर्रे एका जागी पडेनात. प्रशिक्षकांना शंका आली ती हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरची. तो बिघडला तर प्रत्येक छऱ्याचा वेग निराळा पडतो. वेग मोजायचा म्हणून त्यांनी पुण्याच्या एका परिचिताकडून क्रोनोग्राफ मागवून दिला. त्यांनीही तो पूर्वी वापरलेला नव्हता.

'क्रोनोग्राफ' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ काळ लिहिणारा. यंत्र दिसायला अगदी साधे: एक घडीची पेटी, तिच्या पाठीवर फूटभर अंतराने दोन खिडक्या, खिडक्यांत प्रकाश टिपणारे दोन डोळे. छर्रा पहिल्या डोळ्यावरून गेला की त्याच्या सावलीने घड्याळ सुरू होते, दुसऱ्यावरून गेला की थांबते. अंतराला वेळेने भागले की वेग. सेकंदाला १७० मीटर वेगाचा छर्रा हे फूटभर अंतर पावणेदोन हजारांश सेकंदात ओलांडतो.

पाऊस असल्यामुळे आम्ही ओसरीत मांडामांड केली. भिंतीशी वाळूची पोती रचली, दाराला आतून कडी घातली. पहिला आकडा आला १७१. दुसरा २४३, तिसरा ९८. चौथ्या वेळी आकड्याच्या जागी चुकीची खूण. पाचव्या वेळी तर छर्रा सुटण्याआधीच आकडा उमटला.

"फसवलं रे आपल्याला," दादा म्हणाला. "उद्याच जाऊन पैसे परत मागतो." पुतणी काही बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर मला दुःखापेक्षा सुटकेची छटा दिसली. ती तेव्हा दिसली आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष केले, हेही नोंदवून ठेवतो.

दादाला मी दोन दिवस थांबवले आणि यंत्रासोबतची माहितीपुस्तिका हाती पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. आमच्या धंद्याला दुसरे काय येते? बॅटरी उतरली असेल तर डोळे मंद होतात, ती बदलली. नळीच्या तोंडाशी यंत्र फार जवळ असेल तर छऱ्यामागून सुटणारा हवेचा झोत त्याला फसवतो. ते दोन हात पुढे सरकवले. छर्रा दोन्ही खिडक्यांवरून सरळ आणि सारख्या उंचीवरून जायला हवा. म्हणून दोरी ताणून रेषा आखली. घडीची पेटी पूर्ण उघडली नव्हती, तेही लक्षात आले. यंत्र मात्र दोन डोळ्यांमधले अंतर पुरे फूटभर आहे असेच धरून चालते. ते सेंटीमीटरभर कमी भरले, तरी छर्रा आहे त्याहून सेकंदाला पाच-सहा मीटर अधिक वेगवान ठरतो. बिजागरी नीट बसवली. एवढे करूनही आकड्यांचा नेम नव्हताच.

मार्ग सुचवला तो पुतणीनेच. "काका, क्लबची रायफल लावून बघू या का? तिचा वेग सरांना ठाऊक आहे." प्रशिक्षक स्वतः ती रायफल घेऊन आले. तिचेही आकडे तसेच उधळलेले निघाले. दोन निराळ्या रायफली एकाच रीतीने बिघडणे संभवत नाही. दोष मोजणाऱ्यात होता.

हा प्रश्न जुना आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून, ठोकळा किती झुलतो यावरून वेग काढण्याची रीत सांगितली. हेच गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची व्यवस्था लावण्यासाठी हिंदुस्थानात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारले. रॉबिन्सचा ठोकळा गोळी स्वतःच्या अंगावर घेत असे. आमच्या यंत्राला छर्रा शिवतही नाही. ते पाहते फक्त सावली, आणि सावली प्रकाशाच्या अधीन असते.

ओसरीत एलईडीची नळी होती. आपल्याकडचा वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा. त्यावर चालणारे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. आपल्या डोळ्यांना तो प्रकाश स्थिर वाटतो, यंत्राला वाटत नाही. दिव्याची प्रत्येक उघडझाप त्याला जाणाऱ्या छऱ्यासारखी भासत होती. छर्रा सुटण्याआधी आलेल्या आकड्याचे मर्म हेच. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळताच यंत्र अंगणात नेले, तर तिरपे ऊन थेट डोळ्यांत शिरून निम्म्या छऱ्यांची नोंदच होईना. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. सगळीकडून सारखा, मऊ, सावलीला ठाव देणारा उजेड. खिडक्यांवर आईचे पांढरे धोतरजोडीचे जुने फडके ताणले आणि पुतणीने दहा छर्रे झाडले. १७१, १७२, १७१, १७०, १७२... सर्वांत कमी १६९, सर्वांत जास्त १७२. रायफल निर्दोष होती.

दादा मोकळेपणाने हसला. पुतणी मात्र रायफल पेटीत ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "म्हणजे चुकतंय ते माझंच ना, काका?"

आदल्या दिवशीच्या त्या छटेचा अर्थ मला तेव्हा लागला. रायफल बिघडलेली निघावी अशी तिची इच्छा होती. यंत्र निर्दोष ठरवताना आपण कोणाला उघडे पाडतो आहोत, हा विचार माझ्या पेन्सिलीला शिवला नव्हता. मी म्हणालो, "अजून तुला मापलं कुठंय कोणी?" हे वाक्य तिच्यासाठी होते, रात्री ते माझ्याकडेच परत आले.

दहा-अकरा वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेत एका विद्यार्थ्याने कथेवर निबंध लिहिला होता. घरी दखनी बोलणारा, दर्ग्याकडच्या वस्तीतला मुलगा. त्याच्या मराठीत क्रियापदे दखनीच्या वळणाने येत, लिंगे बदलत. चाळीस वह्यांच्या घाईत मी तांबड्या शाईने 'भाषा अशुद्ध, आशय अस्पष्ट' असे लिहून वीसपैकी चार गुण दिले. पुढे कपाट आवरताना तो निबंध हाती आला. निवांत वाचला, तर कथेतल्या आईच्या मौनाविषयी त्याने जे म्हटले होते ते माझ्या टिपणांतही नव्हते. आशय अस्पष्ट नव्हता. माझा दिवा लुकलुकत होता. तो मुलगा पहिल्या वर्षानंतर आलाच नाही. माझ्या चार गुणांमुळे गेला असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणे होईल. पण त्याचा वेग मी नोंदवला आणि तो चुकीचा होता, एवढे निश्चित.

आमच्या गावाबाहेर अमीर हसन सिज्झी यांची कबर आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांची संभाषणे त्यांनी 'फवाइद-उल-फुआद' या फारसी ग्रंथात टिपून ठेवली. टिपलेले त्यांनी औलियांनाच दाखवले आणि त्यांच्याकडून तपासून घेतले, अशी नोंद त्या ग्रंथातच आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या या टिपणकाराला जे सुचले, ते मला चाळीस वह्यांपैकी एकाही वहीबाबत सुचले नव्हते. ज्याचे बोलणे लिहिले त्यालाच विचारावे, 'हे तुझेच ना?'

पुतणीचे पुढे काय झाले, हे सांगणे ओघानेच आले. प्रशिक्षकांनी तिची उभे राहण्याची ढब पुन्हा पाहिली. रायफलीचा दस्ता आधीच्या, तिच्याहून उंच मालकाच्या खांद्याला जुळवलेला होता. तो आखूड केला. गुण थोडे सुधारले, फार नाही. बाकीचे तिचे तिला गाठायचे आहे, आणि ती सराव सोडून बसलेली नाही.

या सत्रापासून मी एक केले आहे. निबंध तपासून झाला की गुण लिहिण्याआधी विद्यार्थ्याला समोर बसवून त्यातला एक परिच्छेद त्याच्याच तोंडून ऐकतो. वेळ जातो, सहकारी थट्टा करतात. परवा एका मुलीने वाचता वाचता मध्येच थांबून विचारले, "सर, माझं चुकलं का?" मी तिला खिडकीजवळच्या बाकावर बसायला सांगितले आणि म्हणालो, "पुन्हा वाच."