लॉक आणि अनुस्वार

आरडीपीनं छापखान्यातल्या यंत्रात दुरून शिरलो की अनुस्वार दिसतो, पण लॉक उघडत नाही. एनीडेस्कसारख्या साधनानं शिरलो तर लॉक मुकाट्यानं उघडतं, पण अनुस्वाराचा भरवसा नाही. गुडघे गेल्यापासून माझा धंदा या कात्रीत सापडला आहे. गिरगावातल्या छापखान्याचा लाकडी जिना आता चढवत नाही आणि दिवाळी अंकांची धांदल नेमकी गणपतीत येते. त्या दिवसांत परळहून लालबाग ओलांडणं धडधाकट माणसालाही जमत नाही.

तिथे एक्सपी, पेजमेकर ७ आणि मराठी फाँटचं जुनं पॅकेज आहे. यंत्राला त्याचं लॉक लावलेलं असलं तरच ते चालतं. ‘नवं घ्या’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं: इनडिझाइनमध्ये देवनागरीला अधिकृत जागा मिळाली ती २०१२ च्या सीएस ६ मध्ये, आणि पेजमेकरच्या फायली उघडणारी शेवटची आवृत्तीही तीच. फाईल उघडली तरी मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार कुठे जाऊन बसतील याचा नेम नाही. एखाद्या पोथीचं सगळं प्रूफ पुन्हा वाचायचे पैसे कोण देणार?

तर आरडीपीनं शिरून पॅकेज सुरू केलं की पडद्यावर एच००२७ येतं: टर्मिनल सर्व्हिस सापडली, चालणार नाही. लॉक यंत्राच्या पाठीला घट्ट बसलेलं असतं, तरी हेच. लॉक करणाऱ्याला मी दोष देत नाही. १९९८ मध्ये एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली, एका यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येऊ लागलं, आणि एकेक लॉक विकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. म्हणून ड्रायव्हर विंडोजलाच विचारतो, हे सेशन समोरच्या पडद्यावरचं की बाहेरून आलेलं?

सकाळी छापखान्यातल्या ताईंनी तिथे बसून पॅकेज सुरू करायचं आणि मग मी त्याच सेशनमध्ये शिरायचं, ही युक्ती चालते. दुपारपर्यंत मी राजा. मग प्रिंट दिली की पॅकेज लॉकला पुन्हा विचारतं आणि सगळं कोसळतं. टायपिंगला हरकत नाही, प्रिंटलाच! चोरी कागदावर येते तेव्हाच तिला किंमत येते, हे त्या माणसानं ओळखलं होतं. वैतागतो, पण त्याच्या अकलेला मानतो.

एनीडेस्क समोरच्याच पडद्याचं चित्र पाठवतं, म्हणून लॉकला संशय येत नाही. पण नेट मंदावलं की ते चित्र दाबून पाठवतं, आणि ‘मंदिर’चं ‘मदिर’ कधी झालं ते कळत नाही. एक्सपीचं आरडीपी चित्र पाठवत बसत नाही, अमुक अक्षर अमुक जागी काढ असं सांगतं. टिंब कसं खणखणीत उमटतं!

लॅमिंग्टन रोडवरची काही पोरं ‘लॉक काढूनच देतो’ म्हणतात. काही राउटरवर आरडीपीचं ३३८९ पोर्ट सताड उघडं ठेवून जातात. मे २०१९ मध्ये ब्लूकीप या आरडीपीतल्या भगदाडाच्या धास्तीनं मायक्रोसॉफ्टनं पाच वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, हे त्यांच्या गावीही नाही. मी व्हीपीएनशिवाय आत पाऊल टाकत नाही, आणि हे न विचारता सगळ्यांना सांगतो.

हाताखाली लालबागची एक मुलगी आली आहे. ती म्हणाली, ‘काका, प्रिंटच्या वेळी आपण कशाला हवेत तिथे? ताई आहेत ना.’ तिनं टीएसकॉन या विंडोजच्या आज्ञेची छोटीशी बॅच फाईल लिहिली. ती चालवली की सेशन छापखान्यातल्या पडद्यावर जातं, माझी विंडो बंद होते, ताई प्रिंट देतात आणि लॉक खूश.

टीएसकॉन मला कधीपासून माहीत होतं. पण त्यात मी बाहेर फेकला जातो आणि शेवटचं बटण दुसऱ्याचं बोट दाबतं. ते मला नको होतं, एवढंच.

मग मी खोट काढली. सेशन असं फेकलं की तिथला पडदा पासवर्डविना उघडा राहतो, यावर तिला बराच वेळ ऐकवलं. त्या पडद्यासमोर ताईंशिवाय कोणी बसत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.