नांगर कुठे टाकायचा

बेळगावात समुद्र नाही. त्यामुळे नांगर म्हटलं की आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर शेतातलाच येतो. मागे प्रार्थनासभेत इब्री लोकांस पत्राचा ६ वा अध्याय वाचला. तिथं आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. वाचन संपल्यावर एका शेतकरी आजोबांनी शांतपणे विचारलं, "आशा काय जमीन उलथते होय?" सगळे हसले. मला मात्र प्रश्न आवडला. एक नांगर रुतून पुढे जातो, दुसरा रुतून थांबवतो, आणि मराठीत दोन्हींना शब्द एकच.

कामाच्या ठिकाणी माझी गाठ तिसऱ्याच नांगराशी पडते. पायक्यूटीग्राफ ही पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी. तिच्यात एक चित्रवस्तू दुसरीला बांधायची सोय आहे, आणि त्या आज्ञेचं नावच 'अँकर'. वस्तूचा कोणता बिंदू बांधायचा, पालकाच्या कोणत्या बिंदूला बांधायचा आणि मध्ये किती पिक्सेल सोडायचे, एवढं तिला सांगायचं. बिंदू ० ते १ या मापात असतात; वरचा डावा कोपरा (०, ०), खालचा उजवा (१, १). सूचीचा वरचा उजवा कोपरा चौकटीच्या त्याच कोपऱ्याला बांधून १० पिक्सेल आत घेतली, की खिडकी कितीही ओढा, सूची कोपऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर राहते. फक्त पालक आधी ठरवावा लागतो. तो न ठरवता अँकर म्हटलं तर प्रोग्राम तिथंच थांबतो आणि पालक नाही म्हणून सांगतो. (मला हा निरोप बायबलमधलाच वाटतो.)

घरी हीच लायब्ररी आईच्या साखरेसाठी वापरते. बाबा गेल्यापासून तिच्या जेवणाला वेळच राहिली नव्हती, आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं जेवण चुकलं की साखर खाली येते. एका पहाटे ती ५८ वर आली होती. डॉक्टर आलेख बघून डोस ठरवतात, म्हणून त्यावरची अक्षरं नेमकी जागेवर हवीत. लाल ठिपके उपाशीपोटीचे, निळे जेवणानंतरचे, हे सांगणारी सूची चौकटीला बांधलेली बरी. पण 'डोस वाढवला' ही नोंद? ती चौकटीला बांधली तर झूम करताना रेघ सरकते आणि नोंद जागच्या जागी राहते. मग १२ तारखेला वाढवलेला डोस २० तारखेचा दिसू लागतो. १५ तारखेला साखर पडली असेल, तर ती डोस वाढवण्याआधीच पडली असं कुणीही म्हणेल, आणि चित्र तर छान सुबक दिसत असतं. म्हणून ती नोंद मी आकड्यांच्या आत, त्या तारखेवर ठेवते. रेघ सरकली की तीही सरकते, अक्षरांचा आकार मात्र तेवढाच राहतो.

आजाऱ्यांच्या भेटीला जाताना हे मनात येतं. आम्ही स्वयंसेवक बहुतेक घरांत तीच दोन वाक्यं बोलतो, कोपऱ्यातल्या सूचीसारखी. ती खोटी नसतात. पण ज्या बाईचा नवरा मंगळवारी गेला, तिला त्या मंगळवारावर बोट ठेवणारं कुणीतरी हवं असतं. उलट, पहाटे तीनला घाम फुटून जागी झालेली माझी आई त्या एका ठिपक्यातच अडकलेली असते. तेव्हा तिला कोपऱ्यातली न हलणारी सूचीच लागते. ती जपमाळ घेते. कुठल्या वेळी काय द्यावं, हे मला भेटीच्या वहीत लिहून ठेवता आलेलं नाही.

इब्री पत्रातला नांगर समुद्राच्या तळाशी जात नाही. तो पडद्याच्या आत जातो, जिथं येशू आपल्या आधी गेला आहे. म्हणजे बांधायची जागा आपल्या आलेखात मुळी नाहीच. नुकताच माणूस गमावलेल्या घरात हे सांगायला मी कचरते, पण मानते.

या लायब्ररीखाली क्यूटी नावाची यंत्रणा आहे. तिच्यात पालक काढून टाकला की त्याची अपत्यवस्तूही त्याच्याबरोबर जाते. राहायची असेल तर तिला आधी दुसरा पालक द्यावा लागतो. आई ४१ वर्षं बाबांच्या ताटाबरोबर जेवली. ते गेल्यावर तिला भूक लागेनाशी झाली. मी घड्याळात गजर लावून दिला, तो ती बंद करायची. मग एक दिवस म्हणाली, "बाई, चर्चची दुपारची घंटा ऐकू येते ना, तेवढ्यात वाढ." आता घंटा झाली की ती हात धुते. रविवारी मिस्सानंतर डब्यातलं काहीतरी आधी खाते, कारण त्या दिवशी घरी पोचायला उशीर होतो. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आलेख मागे-पुढे करून बघितला आणि डोस तोच ठेवला.