गळ्यातल्या गाठी आणि मिरियाला चारू

पावसाळ्यात हैदराबादच्या केपीएचबी कॉलनीत कुणालाही ताप आला की पहिला संशय डेंग्यूवर, दुसरा टायफॉइडवर. किवी महाग होतात, पपईच्या पानांच्या रसाचे मेसेज फिरू लागतात. जेएनटीयूजवळच्या हॉस्टेलात राहणाऱ्या माझ्या भाचीला ताप आला तेव्हाही हाच क्रम. पण डेंग्यू निघाला नाही, टायफॉइडही नाही. घसा असा की आवंढा गिळवेना, मानेत दोन्हीकडे गाठी. गाठी म्हटल्यावर नांदेडला ताईच्या मनात टीबी येऊन गेला. शेवटी रक्ताच्या स्लाइडवर वेड्यावाकड्या लिम्फोसाइट पेशी दिसल्या, पुढची तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, मोनोन्यूक्लिओसिस. औषध? विश्रांती, पाणी, तापापुरतं पॅरासिटामॉल.

एवढंच ऐकून गप्प बसेल असा नातेवाईक मी अजून पाहिलेला नाही.

*

हा आजार करणाऱ्या विषाणूचं नाव एपस्टाइन-बार. 1963 च्या डिसेंबरात युगांडाहून लंडनला निघालेला एका गाठीचा नमुना धुक्यामुळे मँचेस्टरला उतरला. उशिरा पोचलेल्या त्या बाटलीतलं पाणी गढूळ झालं होतं. फेकून द्यायचं सोडून अँथनी एपस्टाइन यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यात सुट्या तरंगणाऱ्या जिवंत पेशी. त्याच वाढवून 1964 मध्ये त्यांनी, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी विषाणू जाहीर केला. मोनोशी त्याचं नातं कळलं ते 1968 मध्ये, फिलाडेल्फियात. हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ स्वतःच मोनोनं आजारी पडली आणि आधी तिच्या रक्तात नसलेली प्रतिपिंडं नंतर दिसू लागली.

*

विषाणू लाळेतून पसरतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच, आजीच्या ताटातल्या घासाबरोबर मिळून जातो आणि साध्या सर्दीतापात खपतो. कुणाला पत्ताही लागत नाही. ज्याची ती भेट चुकते आणि सतरा-अठराव्या वर्षी हॉस्टेलात होते, तो असा आडवा होतो. जगातल्या 90 टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात हा विषाणू असतोच. त्यामुळे भाचीला वेगळ्या खोलीत कोंडायचा बेत आम्ही सोडला. उष्टा पेला, उष्टी बाटली, टूथब्रश एवढं सांभाळायचं. लागण होऊन लक्षणं दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, तेव्हा रूममेटकडे संशयानं बघण्यातही अर्थ नाही.

*

घरच्या उपायांत ज्यानं खरंच हायसं वाटलं ते सांगतो. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, दिवसातून चार-पाच वेळा. मध चाटणं. ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरणं. विषाणूवर यांचा काही परिणाम होत नाही, घसा मात्र घास जाण्याइतका मोकळा होतो. या दुखण्यात माणूस खरा खंगतो तो गिळता येत नाही म्हणून पाणी टाळल्यानं. लघवी गडद पिवळी दिसली की समजावं, पाणी कमी पडतंय.

आणि आइस्क्रीम. गार खाल्लं की घसा बधिरतो, बरं वाटतं. हे ताईला फोनवर सांगायला मला धीर गोळा करावा लागला.

*

हॉस्टेलच्या आंटींनी पहिल्याच दिवशी मिरियाला चारू पाठवलं. मिऱ्याचं पातळ, आंबट सार. वास घेऊनच बरं वाटावं, पण सोललेल्या घशाला मिरी आणि चिंच झोंबली. दोन दिवसांनी आंटी म्हणाल्या, "पेरुगन्नम पेट्टंडि." दहीभात द्या. फोनवर ताई कडाडली, "तापात दही? काहीतरीच तुमचं!" तेलुगू घरांत पोट बिघडो की ताप येवो, दहीभात हा शेवटचा आधार, आमच्याकडे ताप उतरेपर्यंत दह्याचं नाव नाही. भाचीनं दहीभात खाल्ला आणि पहिल्यांदा ताट रिकामं केलं. मुगाचं कढण, मऊभात, रागी जावा म्हणजे नाचणीची पेज, सगळं चाललं. या वादात मी आंटींच्या बाजूनं.

*

काढा मात्र मी बंद केला. ताईनं गुळवेल पाठवली होती, शेजारच्यांनी पसरू सुचवलं. पसरू म्हणजे पाल्याचा रस, इकडे काविळीसाठी देतात. मोनोमध्ये बहुतेक रुग्णांचं यकृत थोडंफार दुखावलेलं असतं, रक्तात त्याचे आकडे वाढतात. मुंबईत 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले 6 रुग्ण डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी नोंदवले. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मानला नाही. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. यकृत आधीच सुजलेलं असताना आपल्या घरात त्याची परीक्षा कशाला?

हाच नियम पॅरासिटामॉललाही. सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं, नकळत दुप्पट पोटात जातं. दारू अर्थातच नाही. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन नाही.

*

गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय अ‍ॅमॉक्सिसिलिन देऊ केलं होतं. मोनोत ते घेतलं तर पुष्कळांच्या अंगभर लाल पुरळ उठतं. औषध विषाणूवर चालत नाहीच, वर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असा चुकीचा शिक्का जन्मभर कपाळी बसतो. घशात जिवाणूही असल्याचं तपासणीत निघालं, तर कोणतं अँटिबायोटिक द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

*

सगळ्यात महत्त्वाचा उपाय फुकटचा आहे म्हणून कुणी मनावर घेत नाही. मोनोत पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजते. डाव्या बरगडीखालचा हा अवयव तेव्हा नाजूक झालेला असतो आणि क्वचित, हजारात एखाद-दुसऱ्याचा, फुटतो. म्हणून निदान तीन-चार आठवडे जिम नाही, कबड्डी-फुटबॉल नाही, आणि हॉस्टेलात हे मुद्दाम सांगावं लागतं, 20 लिटरचा पाण्याचा कॅन जिन्यानं वर न्यायचा नाही. पोट चोळून द्यायचं नाही, तेल लावूनसुद्धा.

*

ताप आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, गाठीही बसतात, थकवा रेंगाळतो. कुणाला महिनाभर, कुणाला त्याहून जास्त. मेट्रोत उभं राहून जेमतेम दोन स्टेशनं होतात आणि पाय गळतात. याला आळस म्हणणाऱ्या थोरांनी जरा दमानं घ्यावं. कॉलेजला आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. परीक्षेसाठी टॉनिकच्या बाटल्या आणू नयेत, झोप द्यावी.

*

पोटात डाव्या बाजूला वरती अचानक कळ आली, डावा खांदा दुखू लागला, चक्कर आली, श्वास अडकू लागला किंवा पाण्याचा घोटही उतरेना, तर गुळण्या, पेज, फोनवरचे सल्ले सगळं बाजूला ठेवा आणि रात्र असली तरी पेशंटला थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.