विटेचे उपयोग

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेतली उत्तरपत्रिका बाईंच्या टेबलावर गेले काही महिने पडून आहे. ‘विटेचे जमतील तितके उपयोग लिहा’, हा मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या काळापासून चालत आलेला प्रश्न. पाचवीतल्या मुलाने पेन्सिलीने लिहिलंय: चूल मांडायला. खाट उंच करायला. विठ्ठलाला उभं राहायला. आणि शेवटी, जरा तिरकं: वीट येतो.

मुलांची कल्पकता आणि शाळा यांवरच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अहिल्यानगर जिल्ह्याचं काम बाई सांभाळतात. उत्तरं मराठीत येतात, इंग्रजीत जातात आणि परदेशी परीक्षक गुण देतात. ‘वीट येतो’चं भाषांतर काय करायचं? शब्द फिरवून त्याची दुसरी बाजू पाहणं, याच्याच तर शोधात ही चाचणी असते. पण इंग्रजीत गेलं की ते उत्तर ‘विषयाबाहेर’ ठरतं. बाईंनी अर्धं पान टीप लिहून पाठवली. उत्तर आलं, की गुण टिपेला देता येत नाहीत.

विठ्ठलाचं उलटं झालं. इतर देशांच्या गठ्ठ्यात ते उत्तर कुठेच नाही, म्हणून नावीन्याचे पूर्ण गुण. इथे पान उलटलं की विठ्ठल. निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. विटेवर कोण उभा आहे, हे पोराला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक असतं. चुलीचंही तेच. ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीबाहेर तीन विटांवर आई भाकरी टाकते, ते मुलाने पाहिलं आणि लिहिलं. परदेशी परीक्षकाला ते विलक्षण वाटतं. दुर्मीळ म्हणजे नवं असं धरलं, तर कोणाच्या गावात दुर्मीळ? जिल्ह्यापुरती वेगळी यादी करावी, तर देशांची तुलना कोसळते. एक यादी ठेवावी, तर गुण मुलाला न मिळता गावाला मिळतात. यातून बाईंना अजून वाट सापडलेली नाही.

गेल्या वर्षी एक तरुण सहकारी कामावर आली. तीही पाथर्डीकडचीच. आईवडिलांचा ऊसतोडीचा कोयता, त्यामुळे लहानपणीची निम्मी वर्षं फडावर गेली. बाईंची भाषांतरं मूळ कागदाशी ताडून पाहताना एका ओळीवर तिने बोट ठेवलं.

“बाई, पोरानं नुसतं ‘बसायला’ लिहिलंय.”

बाईंच्या इंग्रजीत होतं, ‘गावाबाहेर ट्रकची वाट पाहणाऱ्याचं आसन’. दिवाळीनंतर मुलं गाठोड्यांशेजारी विटांवर बसून राहतात, हे बाईंनी पाहिलेलं होतं. ते त्यांनी मुलाच्या ओळीत घातलं आणि त्याचे गुण वाढले. गठ्ठा पुन्हा उघडल्यावर असं बऱ्याच ठिकाणी झालेलं निघालं. मुलांच्या मायेपोटी झालं, असं त्या आधी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून कबूल केलं, की नगरची रेघ आलेखात वर दिसावी, ही हौस त्यांची होती. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय परीक्षेतली 2022 ची सर्जनशील विचारांची चाचणी झाली, 2024 मध्ये निकाल लागला, सिंगापूर पहिलं आलं, त्या यादीत भारत नव्हताच. हे त्यांना फार लागलं होतं. एका परिषदेत ती वर गेलेली रेघ दाखवून त्यांनी टाळ्याही घेतल्या होत्या.

पहिली फेरी सप्टेंबरात, दुसरी मार्चात. हे वेळापत्रक परदेशात ठरलं. मधल्या काळात पाथर्डी-शेवगावची कितीतरी मुलं ऊसतोडीला गेलेली असतात. तक्त्यात त्यांच्या नावापुढे ‘गळती’. विटेशी ज्यांची रोजची गाठ, ती मुलं मार्चच्या सरासरीत नसतातच.

थर्माकोलचे देखावे करून गटावर फोटो टाकणाऱ्या ‘सृजन कार्यशाळां’चा बाईंना मनापासून राग आहे. गाइडमधून तयार निबंध उतरवून घेणाऱ्या वर्गांचा त्याहून जास्त. मुलाचं वाक्य त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबायला आता कोणी तयार नाही, असं त्या म्हणतात. लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद’ ही शाळा काढली, तिच्याविषयी बोलताना मात्र त्यांचा आवाज खाली येतो. ज्या दोषावर बाई बोट ठेवतात, तोच भाषांतरात त्यांच्या हातून घडला होता.

मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार 1839 मध्ये नगरला आल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण इथे त्यांच्याकडे घेतलं. फरार यांचं मिशन बोस्टनचं. इथल्या मुलींबद्दल तिकडे कळवताना फरारबाई स्वतःचं किती घालत असतील, हा प्रश्न बाईंना अलीकडे पडू लागला आहे.

आता बाई उत्तरं फक्त मोठ्याने वाचतात, इंग्रजी ती तरुण सहकारी लिहिते. शेजारच्या रकान्यात मुलाची मूळ ओळ जशीच्या तशी जाते, चुकलेल्या वेलांटीसकट. ‘वीट येतो’पुढचा रकाना रिकामा आहे. तो मुलगा सध्या फडावर आहे. हंगाम संपून पट्टा पडला, मंडळी गावी परतली, की त्याला कशाचा वीट येत होता, हे विचारायला दोघी वस्तीवर जाणार आहेत.