कठडा नसलेला जिना

आम्ही दोघी बहिणी साहित्य शिकवतो. थोरली मराठी, धाकटी इंग्रजी. समोर आलेल्या गोष्टीचा अर्थ लावल्याखेरीज आम्हांला चैन पडत नाही. ही खोड वर्गात निरुपद्रवी असते, किंबहुना तिच्यावरच आमचा चरितार्थ चालतो. घरी मात्र ती भलतीच महाग पडली.

आमच्या सर्वांत धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी त्याला ऐकू येणारे आवाज ओसरले, पण त्याचे बोलणेही आटले. डॉक्टरांच्या सुचवण्यावरून आम्ही तिघे दर शनिवारी पुण्यातल्या एका चित्रगटात जाऊ लागलो. सतरंजी, पोस्टर रंग, तैलखडू, पाण्याचे मग आणि दहाबारा माणसे. रुग्ण कोण आणि नातेवाईक कोण, हे पहिल्या दिवशी ओळखू येत नाही. शेवटी सगळी चित्रे जमिनीवर मांडायची. 'छान' म्हणायचे नाही आणि 'हे काय आहे?' असे विचारायचे नाही. ज्याचे चित्र त्याला वाटले तर तो बोलेल.

या नियमामागे जुनी परंपरा आहे. एडवर्ड अ‍ॅडमसन हा चित्रकार १९४६पासून इंग्लंडमधल्या नेदर्न मनोरुग्णालयात रुग्णांसाठी चित्रशाळा चालवत असे. रुग्णांच्या चित्रांचा अर्थ सांगायचा नाही, हे पथ्य त्याने सांभाळले. आम्ही त्याच्याविषयी वाचले, मान डोलावली आणि घरी येऊन भावाच्या चित्रांवर टिपणवही सुरू केली.

तो दर शनिवारी एकच चित्र काढी. अरुंद, उभा जिना, त्याला कठडा नाही; वरच्या टोकाला नुसता निळा रंग. वहीत 'आरोहण', 'आधारहीनता', 'अवकाश' असे शब्द भराभर साचले. चौथ्या शनिवारी रात्री आम्ही गच्चीच्या दाराला कुलूप घातले. त्याला काही सांगितले नाही. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालणे हे त्याचे दिवसातले एकमेव आवडते काम होते. दुसऱ्या दिवशी त्याने झारी दारापाशी ठेवली आणि तो खाली आला. पुढचे सात शनिवार त्याने कोऱ्या कागदासमोर बसून काढले.

या आजारात जिवाचा धोका खरा असतो. आमची भीती खुळी नव्हती. पण डॉक्टरांना विचारता आले असते, त्याला विचारता आले असते. आम्ही विचारले ते चित्राला.

जर्मनीत हायडेलबर्ग येथे प्रिन्झहॉर्न संग्रह आहे. त्यात अ‍ॅग्नेस रिश्टर या शिवणकाम करणाऱ्या बाईचे एक जाकीट आहे. मनोरुग्णालयात असताना, १८९५च्या सुमारास, तिने त्यावर दोऱ्याने ओळीच्या ओळी लिहिल्या. त्यातला पुष्कळसा मजकूर अजून लागत नाही. छायाचित्र पाहताच आम्ही अक्षरे लावायला बसलो होतो. जाकिटावर ते अंगात घातल्याच्या खुणा आहेत, ही माहिती तेव्हा वाचूनही डोळ्यांआड झाली. असो.

आठव्या शनिवारी त्याने पुन्हा जिना काढला. चित्रे मांडल्यावर तो थोरलीकडे वळून म्हणाला, "ताई, वाईच्या वाड्यात पायऱ्या तेराच होत्या. तू नेहमी चौदा म्हणायचीस."

आजोळचा जिना! आम्ही मोजल्या, तेराच होत्या. नियम मोडून धाकटीने विचारले, "आणि कठडा?"

"तिथे कठडा कुठे होता? धरायला दोर होता. तो मला काढता येत नाही."

जुन्या वाड्यांच्या जिन्यांत असा दोर असतोच. त्याला धरूनच आम्ही वर चढायला शिकलो. तरीही तो शब्द कानी पडताच आमच्या दोघींच्या पोटात गोळा आला, हे इथे कबूल केले पाहिजे. या वेळी मात्र आम्ही डॉक्टरांकडे गेलो, त्याला बरोबर घेऊन. ते अर्धा तास त्याच्याशी एकटे बोलले. त्याच संध्याकाळी कुलूप निघाले.

टिपणवही माळ्यावर गेली आहे. कुंड्यांना रोज पाणी मिळते. कुलपाची किल्ली अजून थोरलीच्या पर्समध्ये असते, आणि तो झारी घेऊन वर गेला की खाली आम्ही पायऱ्यांचा आवाज ऐकत बसतो.